रानफुलांच्या गवतात वसंताचे कंद: आधी पानांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. रानफुलांसाठी राखलेल्या गवताळ तुकड्यात डॅफोडिल, ट्यूलिप आणि क्रोकसचे कंद लावले. पहिल्या वसंतात सगळे छान फुलले. दुसऱ्या वर्षी डॅफोडिलला नुसती पाने आली, ट्यूलिप जवळजवळ नाहीसे झाले, क्रोकस तेवढे टिकले. आता पुन्हा कंद आणायचे तर कोणते, किती, किती खोल लावायचे आणि गवत कापायचे कधी?

यातला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्या सगळ्यांची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. खाली दिलेले महिने उत्तर गोलार्धातल्या थंड हिवाळ्याच्या प्रदेशांचे आहेत. दक्षिण गोलार्धात त्यात सहा महिने मिळवा.

विकत आणलेल्या कंदात पहिल्या वर्षीचे फूल आधीच तयार असते. ज्याने तो कंद शेतात वाढवला, त्याच्या मेहनतीचे ते फूल. आपल्या जमिनीची आणि आपल्या निगराणीची परीक्षा दुसऱ्या वर्षी होते. डॅफोडिलच्या कंदात पुढच्या वसंताची कळी यंदाची फुले सुकल्यानंतर काही आठवड्यांतच धरू लागते. त्या काळात हिरव्या पानांनी बनवलेले अन्न कंदात साठत असते. पाने तेव्हाच कापली तर कंद मरत नाही, पण रोडावतो, आणि रोडावलेला कंद पुढच्या वर्षी पाने काढतो, फूल काढत नाही. तुमच्या डॅफोडिलचे बहुधा हेच झाले आहे. फुले गेल्यावर किमान सहा आठवडे पानांना हात लावायचा नाही. पाने अर्ध्याहून जास्त पिवळी पडून आडवी होईपर्यंत थांबलात तर अधिक चांगले. पानांच्या जुड्या बांधणे किंवा वेण्या घालणे हा प्रकारही सोडून द्या. दिसायला नीटनेटके वाटते, पण पानांना ऊन मिळत नाही आणि नुकसान जवळपास कापण्याइतकेच होते.

म्हणून रानफुलांच्या बागेसाठी कंद निवडताना फुलाचा रंग नंतर बघा. पाने केव्हा मरतात आणि आपले गवत केव्हा कापले जाते, या दोन तारखा आधी जुळवा.

जानेवारी-फेब्रुवारीत येणारे स्नोड्रॉप आणि पिवळे एरँथिस, त्यांच्यामागून फेब्रुवारी-मार्चमध्ये येणारे क्रोकस, हे सगळे मे महिन्यात आपला कारभार आटोपून जमिनीखाली जातात. गवत उंच व्हायच्या आत त्यांचे वर्ष संपलेले असते. तुमचे क्रोकस टिकले ते यामुळेच. या गटात गवतासाठी क्रोकस टोमासिनियानस सगळ्यांत भरवशाचा. फूल सडपातळ, फिक्या जांभळ्या रंगाचे, आणि तो बियांनीही पसरतो, कंदांनीही. मोठ्या फुलांचे डच क्रोकसही चालतात, पण पावसाने लवकर लोळतात. स्नोड्रॉप आणि एरँथिसना झाडाखालची अर्धी सावली आणि पानगळीची कुजलेली माती जास्त मानवते. भर उन्हातल्या दाट गवतात ते नीट रुजत नाहीत.

मार्च-एप्रिलचा गट डॅफोडिलचा. इथे दुकानातले मोठे, दुहेरी पाकळ्यांचे वाण घेऊ नका. त्यांची पाने लांब आणि रुंद असतात. फुले गेल्यावर ती शेजारच्या रानफुलांच्या रोपांवर आडवी पडतात, खालची कोवळी रोपे उजेडावाचून मरतात, आणि जूनमध्ये पाने सुकली की तिथे उघडी माती उरते. अशा जागेत रानफूल क्वचित येते, आधी तण शिरते. कंद लावल्यावर रानफुले कमी झाली अशी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ बरेचदा या पानांत असते. युरोपातला मूळ रानटी डॅफोडिल नार्सिसस स्यूडोनार्सिसस, किंवा फेब्रुवारी गोल्ड, तेत-आ-तेत, जॅक स्नाइप असे ठेंगणे वाण घ्या. त्यांची पाने अरुंद असतात आणि गवतात मिसळून जातात.

एप्रिल-मेमध्ये फ्रिटिलारिया मेलियाग्रिस येतो. जांभळ्या चौकटींची, खाली मान घातलेली घंटा. गवताळ कुरणात यापेक्षा देखणा कंद मला माहीत नाही. मात्र त्याला वसंतात ओलावा लागतो. नदीकाठची, हिवाळ्यात पाणी चढणारी कुरणे हे त्याचे मूळ घर आहे. कोरड्या, मुरमाड उतारावर तो दोन वर्षांत दिसेनासा होतो. कॅमासिया हा उत्तर अमेरिकेतल्या ओलसर कुरणांचा, मे-जूनमध्ये निळे तुरे काढणारा. जड, ओल्या मातीत जिथे बाकीचे कंद कुजतात तिथे तो खुशाल राहतो. त्यातला कॅमासिया क्वामाश ठेंगणा, तर कॅमासिया लाइक्टलिनी कमरेपर्यंत जातो आणि उंच गवतातही उठून दिसतो. मेमध्ये फुलणारा पांढरा नार्सिसस पोएटिकसही याच सुमाराचा. या उशिराच्या गटाची पाने जुलैपर्यंत रेंगाळतात, म्हणून जिथे जूनमध्ये कापणी करावीच लागते तिथे यांना लावू नये.

आता ट्यूलिप. ते नाहीसे झाले यात तुमची चूक फारशी नाही. मोठ्या फुलांच्या संकरित ट्यूलिपना फुले गेल्यावर गरम, कोरडी जमीन लागते. गवताखालची माती थंड आणि ओलसर राहते, मुळांची स्पर्धाही तीव्र असते. अशा जागी मोठा कंद फुटून त्याचे दोन-चार लहान कंद होतात आणि त्यातला एकही फुलण्याइतका भरत नाही. गवतात ट्यूलिप हवेच असतील तर ट्यूलिपा सिल्व्हेस्ट्रिस हा पिवळा रानटी प्रकार घ्या. तो जमिनीखाली धुमारे सोडून पसरतो, पण पसरतो तेवढा फुलत नाही, हे आधीच लक्षात असू द्या. ट्यूलिपा टार्डा, तुर्केस्तानिका आणि क्लूसियाना हे मध्य व पश्चिम आशियातल्या खडकाळ उतारांवरचे. त्यांना गवत विरळ आहे, खडी आहे, ऊन भरपूर आहे अशी कडेची पट्टी द्या.

काही कंद फारच चांगले पसरतात आणि तीच त्यांची खोड. निळ्या फुलांचा मस्कारी आर्मेनियाकम काही वर्षांत सगळी उघडी जागा व्यापतो, आणि त्याची पाने शरदातच वर येत असल्यामुळे हिवाळ्यापूर्वीच्या कापणीत ती कापली जातात. पांढऱ्या ताऱ्यासारख्या फुलांचा ऑर्निथोगॅलम अंबेलॅटम आणि तिकोनी दांड्याचा अ‍ॅलियम ट्रायक्वेट्रम यांना रानफुलांच्या बागेत घेऊच नका. एकदा शिरले की उपटून संपत नाहीत. जिथे मूळचे ब्लूबेल रानात आहेत, त्या भागात स्पॅनिश ब्लूबेल लावणे टाळा. दोघांचा संकर सहज होतो आणि रानटी रूप पुसले जाते. आपल्या प्रदेशात कोणता कंद आक्रमक वनस्पतींच्या यादीत आहे, हे मागणी नोंदवण्याआधी पाहावे.

थंडीबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ट्यूलिप, डॅफोडिल, क्रोकस यांना १२ ते १६ आठवडे साधारण २ ते ९ अंश सेल्सिअसची थंडी मिळाली तरच दांडा नीट लांबतो आणि कळी उमलते. हिवाळा ऊबदार असेल तर फूल पानांतच अडकते किंवा कळी आतच सुकते. अशा ठिकाणी कंद शीतपेटीत ठेवून एका वर्षाचे फूल मिळवता येते, पण पिकणाऱ्या फळांपासून ते दूर ठेवावेत, कारण फळांतून निघणारा इथिलीन वायू आतली कळी मारतो. असे कंद त्या जमिनीत कायमचे मात्र वसत नाहीत. तिथे त्या हवेला मानवणारे स्थानिक कंद शोधणे जास्त शहाणपणाचे.

खरेदी करताना कंद हातात घेऊन बघा. तो आकाराच्या मानाने जड आणि टणक हवा. तळाची चकती, जिथून मुळे फुटतात, ती अंगठ्याने दाबा. मऊ लागली किंवा तांबूस तपकिरी दिसली तर तो फ्युझेरियम बुरशीने आलेला तळकुजव्या रोग असू शकतो. असा कंद पिशवीतून काढून टाका. बाहेरचे तपकिरी साल सुटलेले असेल तर बिघडत नाही. फ्रिटिलारियाच्या कंदाला सालच नसते, त्यामुळे तो हवेत पटकन सुकतो. आणला की त्याच आठवड्यात लावावा. एरँथिसच्या गाठी सुकून खड्यासारख्या झालेल्या येतात, त्या रात्रभर पाण्यात भिजवून लावाव्यात. स्नोड्रॉप मात्र सुके घेण्यापेक्षा फुले संपताच, पाने हिरवी असताना उकरलेले झुबके आणून लगेच लावले तर जास्त जगतात. स्नोड्रॉपची संपूर्ण प्रजाती रानटी प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, कारण रानातून बेसुमार उकरून तिची विक्री होत असे. रोपवाटिकेत वाढवलेलेच कंद मागा.

जमीन तयार करताना खत घालण्याचा मोह आवरा. कंद आपली शिदोरी बरोबर घेऊन येतो आणि रानफुलांना रोड जमीनच हवी. खताने गवत माजते, ते रानफुलांना आणि छोट्या कंदांना दोघांनाही गिळते. हाडांचा चुरा घालण्याची जुनी पद्धत इथे तर उलटी पडते. त्यातला स्फुरद मातीत वर्षानुवर्षे राहतो आणि वासाने जनावरे येऊन जागा उकरतात. निचरा तपासायचा असेल तर ३० सेंमी खोल खड्डा करून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसले तर त्या जागी डॅफोडिल आणि क्रोकस नकोत, कॅमासिया किंवा फ्रिटिलारिया लावा.

लावणीची वेळ सगळ्यांची एक नाही. डॅफोडिल लवकर मुळे धरतात, म्हणून सप्टेंबर. फ्रिटिलारिया आणि क्रोकस सप्टेंबर-ऑक्टोबर. कॅमासिया ऑक्टोबर. ट्यूलिप ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर, कारण माती गार झाल्यावर लावले की बोट्रायटिस बुरशीमुळे येणारा करपा कमी होतो.

लावण्याआधी गवत ३ ते ५ सेंमीवर कापून सगळे गवत उचलून घ्या. खोलीचा नियम असा: कंदाच्या उंचीच्या दोन ते तीन पट माती त्याच्या डोक्यावर हवी. ही माती गवताच्या जाळीपासून नव्हे, खऱ्या मातीच्या पातळीपासून मोजायची. बहुतेक लोक इथे चुकतात. ५ सेंमी उंचीच्या डॅफोडिलवर १० ते १५ सेंमी माती, क्रोकसवर ७ ते ८, फ्रिटिलारिया आणि कॅमासियावर १० ते १२, रानटी ट्यूलिपवर १२ ते १५, स्नोड्रॉप आणि एरँथिसवर ५ ते ७. चिकणमातीत थोडे वर, वाळूत थोडे खोल. उथळ लावलेला डॅफोडिल भराभर फुटून गर्दी करतो आणि गर्दीत कोणीच फुलत नाही. अनेक कंदांना आखडणारी मुळे असतात, ती कंदाला हळूहळू खाली ओढतात. म्हणून थोडी चूक ते स्वतः सुधारतात, पण त्यात ताकद खर्च होते.

मोठ्या कंदांसाठी नळीसारखे कंदरोपण यंत्र किंवा अरुंद फावडे घ्या. मातीचा गट्टू काढा, तळाची माती सैल करा, चकती खाली आणि टोक वर करून कंद बसवा, गट्टू परत दाबा. कंदाखाली पोकळी राहू देऊ नका. तिथे पाणी साचते आणि मुळे हवेत लोंबकळतात. छोट्या कंदांसाठी एकेक भोक पाडत बसणे व्यर्थ आहे. कुदळीने किंवा धारदार फावड्याने गवतात आडव्या ‘एच’ आकाराची चीर द्या, दोन्ही बाजूंची गवताची चादर पुस्तकाच्या पानांसारखी उलटा, खालची माती हाताने मोकळी करा, कंद ठेवा, चादर परत घालून पायाने दाबा. अर्ध्या चौरस मीटरच्या एका चिरेत तीसेक क्रोकस बसतात.

अजून रानफुलांचे बी पेरलेले नसेल तर क्रम नक्की लक्षात ठेवा: आधी कंद, मग बी. बी उगवल्यावर खणणे म्हणजे दोन्हीचे नुकसान. खसखसवर्गी पॉपी, कॉर्नफ्लॉवर अशी दरवर्षी माती हलवून पेरायची एकवर्षायू फुले असतील, तर वरची ३ ते ५ सेंमी मातीच दाताळ्याने हलवायची, त्याखाली जायचे नाही, असा नियम पाळता येत असेल तरच तिथे कंद लावा.

संख्येबाबत दोन टोकाच्या चुका होतात. कोणी २५ कंद सगळ्या अंगणभर एकेक करून पसरतो, ते दिसतही नाहीत. कोणी चौरस मीटरभर गच्च भरतो, मग रानफुलांना जागा उरत नाही. एकूण तुकड्याच्या फार तर तिसऱ्या हिश्श्यात कंद असावेत, तेही पुंजक्यांनी. पुंजक्यात क्रोकस चौरस मीटरला ५० ते ८०, फ्रिटिलारिया २५ ते ३०, ठेंगणे डॅफोडिल २० ते २५, कॅमासिया १२ ते १५. म्हणजे ३० चौरस मीटरच्या तुकड्यात १० चौरस मीटर कंदांना दिले आणि त्यातले ४ क्रोकसला, ३ फ्रिटिलारियाला, ३ डॅफोडिलला ठेवले, तर अडीचशे क्रोकस, ऐंशी फ्रिटिलारिया आणि सत्तर डॅफोडिल पुरतात. पुंजक्याचा मध्य दाट आणि कडा विरत जाणाऱ्या ठेवा. मूठभर कंद उधळून पडतील तिथे लावणे हा उपाय चांगला आहे, पण उधळल्यावर ते पुन्हा मांडत बसू नका. फक्त एकमेकांना चिकटलेले कंद थोडे सरकवा आणि मधली रिकामी जागा तशीच राहू द्या. रिकाम्या जागेमुळेच ते आपसूक उगवल्यासारखे वाटतात.

गवत जोरदार असेल तर सगळ्यात उपयोगी साथीदार म्हणजे यलो रॅटल, शास्त्रीय नाव ऱ्हायनँथस मायनर. हे एकवर्षायू रोप गवताच्या मुळांतून अन्न ओढते, त्यामुळे गवत खुजे राहते आणि कंदांना व रानफुलांना उजेड मिळतो. त्याचे बी ताजेच हवे, जुने बी उगवत नाही. ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये चौरस मीटरला अर्धा ते एक ग्रॅम बी उघड्या मातीवर टाकायचे, गाडायचे नाही. त्यालाही हिवाळ्याची थंडी लागल्याशिवाय कोंब फुटत नाही. कंद लावताना उकरलेल्या जागा त्याच्यासाठी आयत्याच तयार असतात. जुलैत बी सुकून बोंडात खुळखुळू लागेपर्यंत त्याला कापायचे नाही, म्हणजे कंदांचे आणि याचे वेळापत्रक एकच.

ते वेळापत्रक असे. शेवटची कापणी डिसेंबरपर्यंत, स्नोड्रॉपची टोके दिसायच्या आत, ५ सेंमीवर. त्यानंतर जुलैपर्यंत यंत्र बाहेर काढायचे नाही. फ्रिटिलारियाची बोंडे जून-जुलैत वाळून फुटतात, तेव्हा हाताने थोडे बी आसपास झटका. जुलैच्या मध्यानंतर मुख्य कापणी, कॅमासिया किंवा पोएटिकस असेल तर ऑगस्टच्या सुरुवातीला. कापलेले गवत तीन ते सात दिवस तिथेच उलटेसुलटे करून वाळवा म्हणजे बी गळून पडते, मग एक काडीही न ठेवता उचलून न्या. गवत तिथेच कुजले तर जमीन पुन्हा सुपीक होते आणि सगळी मेहनत वाया जाते. शरदात पुन्हा एक-दोन कापण्या. बाग बेवारस दिसते असे वाटत असेल तर कंद नसलेल्या जागेतून वळणदार पायवाट नियमित कापत जा. कडा स्वच्छ दिसली की उंच गवतही मुद्दाम राखलेले वाटते.

तुमचे आत्ताचे डॅफोडिल फेकू नका. यंदा पाने आपोआप पिवळी पडू द्या, ती सुकत आली की एक झुबका उकरून बघा. कंद टणक पण लहान आणि दाटीत असतील तर सुटे करून १५ सेंमी अंतरावर योग्य खोलीवर लावा. एक-दोन वर्षांत फुले परत येतात. खोली आणि अंतर ठीक असूनही फुले नसतील तर फेब्रुवारीत चौरस मीटरला १५ ते २० ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश हे पालाशाचे खत फक्त त्या पुंजक्यावर द्या. नत्र अजिबात नाही. कंद मऊ असेल आणि आत एकच जाड, मळकट पांढरी अळी सापडली तर ती नार्सिससमाशी. फुले संपल्यावर सुकणाऱ्या पानांजवळ ती अंडी घालते आणि अळी तळातून आत शिरते. तो कंद नष्ट करा. पाने सुकून पडलेली भोके पायाने बुजवली तर तिचा रस्ता अडतो.

खारी आणि उंदीर क्रोकस व ट्यूलिप आवडीने खातात, डॅफोडिल आणि स्नोड्रॉपला तोंड लावत नाहीत, कारण त्यांत लायकोरीनसारखी विषारी द्रव्ये असतात. क्रोकस लावल्यावर वर २ ते २.५ सेंमी भोकांची तारजाळी अंथरून खुंट्यांनी घट्ट करा आणि कोंब दिसू लागताच काढून घ्या. लावताना गळलेली कंदाची साले वेचून न्या, वासानेच खारी जागा शोधतात. फ्रिटिलारियावर लाल लिली भुंगा आला तर सकाळी हाताने वेचणे हाच खात्रीचा उपाय. हात जवळ नेला की तो खाली टपकतो, म्हणून दुसरा हात किंवा वाटी आधीच खाली धरावी. डॅफोडिल हाताळताना हातमोजे घाला. त्याच्या चिकात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनी त्वचेला खाज सुटते. कंद कांद्यासारखे दिसतात, तेव्हा घरात ते खाण्याच्या वस्तूंपासून लांब, नाव लिहून ठेवा.

दोन-तीन वर्षांनी गवतात केसासारखी बारीक हिरवी पाने दिसू लागली तर ती उपटू नका. ती कंदांची बियांपासून आलेली रोपे असतात. स्नोड्रॉपच्या बियांवर तेलकट खाऊ असतो, त्याच्या लोभाने मुंग्या त्या दूरवर नेऊन टाकतात, म्हणून जिथे काही लावलेच नव्हते तिथेही कोंब येतो. स्नोड्रॉपला बीपासून फुलायला तीन-चार वर्षे लागतात, फ्रिटिलारियाला चार-पाच, रानटी डॅफोडिलला पाच ते सात. तेवढी वर्षे जुलैपूर्वी त्या जागेवर पाते फिरले नाही तर नवे कंद आणावेही लागत नाहीत.